रक्तातला गंज आणि त्याची रोजची दुरुस्ती

कोविडच्या काळात घरोघरी घेतलेले ऑक्सिमीटर आता बहुतेक ठिकाणी औषधांच्या डब्याच्या तळाशी पडून असतात. वारज्यातल्या आमच्या घरीही तसेच होते. मागच्या पावसाळ्यात एकदा सकाळी चहा पिताना बायकोचे लक्ष माझ्या हातांकडे गेले. "अहो, नखं अशी काळसर का दिसतायत?" तिने डबा उपसून ऑक्सिमीटर काढले. आकडा आला ८९. सेल बदलले, बोट बदलले, आकडा तोच. तिच्या बोटाला लावले तर ९८. मला धाप नव्हती, छातीत दुखत नव्हते. नुकताच तीन जिने चढून दूध घेऊन आलो होतो.

पुढचे काही तास दवाखान्यात गेले. मास्क लावून ऑक्सिजन दिला, तरी आकडा हलेना. छातीचा फोटो स्वच्छ, हृदयाचा आलेख ठीक, हिमोग्लोबिन १३.४. रोहिणीतून रक्त काढून तपासले, तर त्यात विरघळलेला ऑक्सिजन भरपूर. म्हणजे फुप्फुसे आपले काम चोख करत होती. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी सिरिंज उजेडात धरली आणि विचारले, "काका, कुठली गोळी चालू आहे का?" त्वचेच्या जुनाट आजारासाठी मी दोन महिने डॅप्सोन घेत होतो. त्यांनी माझ्या रक्ताचा थेंब गाळणकागदावर टाकला, शेजारी दुसऱ्या कुणाच्या नमुन्यातला एक. तो दुसरा थेंब हवा लागताच लालभडक झाला. माझा थेंब तपकिरीच राहिला, पातळ चॉकलेटसारखा.

निदान झाले: मेटहिमोग्लोबिन, १७ टक्के. मी तीस वर्षे महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले. ऑक्सिडीकरण आणि क्षपण हा धडा किती वेळा फळ्यावर लिहिला, त्याची गणती नाही. तोच धडा आपल्या बोटाच्या टोकाशी चालू असतो, याचा विचार मात्र तोवर कधी गांभीर्याने केला नव्हता. त्यानंतरच्या महिन्यांत जे वाचले, ताडून पाहिले, ते इथे मांडतो आहे.

एका इलेक्ट्रॉनचा फरक

हिमोग्लोबिनच्या एका रेणूत प्रथिनाच्या चार साखळ्या असतात आणि प्रत्येक साखळीच्या खोबणीत हीम नावाची एक चपटी चकती बसलेली असते. चकतीच्या मध्यभागी लोहाचा एक अणू. चार बाजूंनी चकतीतले चार नायट्रोजन त्याला धरून ठेवतात, पाचवा हात प्रथिनातल्या हिस्टिडीनचा, आणि सहावी जागा ऑक्सिजनसाठी मोकळी. हा लोह ‘फेरस’ अवस्थेत असेल, तरच ऑक्सिजन तिथे बसतो आणि पुढच्या थांब्यावर उतरतो. लोहाने एक इलेक्ट्रॉन गमावला की तो ‘फेरिक’ होतो. मग सहाव्या जागी पाणी येऊन बसते आणि ऑक्सिजनला दार बंद. यालाच मेटहिमोग्लोबिन म्हणतात. गमावलेला इलेक्ट्रॉन लोहाला परत देणे म्हणजे क्षपण.

‘क्षपण’ हा शब्द इथे जरा फसवतो. त्यात क्षय आहे, घट आहे. आणि इथे तर लोहाला काहीतरी मिळते आहे. हे नाव भट्टीतून आले. खनिजातला ऑक्सिजन निघून गेला की उरलेल्या धातूचे वजन कमी भरते, म्हणून ती घट. इलेक्ट्रॉनचा शोध फार नंतरचा. तोपर्यंत नाव रुळले होते.

आपण समजतो की इलेक्ट्रॉन गमावणे हा आजार आणि न गमावणे ही तब्येत. तसे नाही. ऑक्सिजन लोहाला चिकटतो, तेव्हा लोहाचा इलेक्ट्रॉन अर्धामुर्धा त्याच्याकडे झुकलेला असतो. बहुतेक वेळा ऑक्सिजन जाताना तो परत ठेवून जातो. क्वचित तो घेऊनच जातो. निरोगी माणसातही रोज अर्धा ते तीन टक्के हिमोग्लोबिन अशा तऱ्हेने फेरिक होते. दुरुस्ती नसती, तर काही आठवड्यांत अर्धे रक्त निकामी झाले असते, आणि तांबड्या पेशीला तर सुमारे १२० दिवस काढायचे असतात. तरीही तपासणीत मेटहिमोग्लोबिन एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमीच सापडते. रक्त लाल असते ते गंज चढत नाही म्हणून नव्हे, तर चढलेला गंज रोजच्या रोज उतरवला जातो म्हणून.

लोह तेच, घर निराळे

हा इलेक्ट्रॉन किती सहज जातो आणि किती सहज परत येतो, हे एकट्या लोहावर ठरत नाही. लोहाच्या आजूबाजूला काय आहे, यावर ठरते.

प्रथिनातून बाहेर काढलेले सुटे हीम पाण्यात ऑक्सिजनसमोर ठेवले, तर ते बघता बघता फेरिक होते आणि पुन्हा ऑक्सिजन वाहण्याच्या कामाचे राहत नाही. दोन चकत्या एकमेकींजवळ येतात, मध्ये ऑक्सिजन अडकतो आणि व्यवहार संपतो. प्रथिनाची खोबणी हेच टाळते. ती दोन हीमना भेटू देत नाही, पाण्याला सहसा आत येऊ देत नाही, आणि ऑक्सिजनच्या बाजूला एक दुसरे हिस्टिडीन पहारेकऱ्यासारखे उभे असते.

एखाद्या हीम प्रथिनाला इलेक्ट्रॉन किती हवासा आहे, हे व्होल्टमध्ये मोजता येते. हिमोग्लोबिनसाठी हा आकडा अधिक ०.१४ व्होल्टच्या आसपास, स्नायूंतल्या मायोग्लोबिनसाठी अधिक ०.०५, सायटोक्रोम बी-५ साठी शून्याजवळ, आणि मुळ्यासारख्या दिसणाऱ्या हॉर्सरॅडिश या कंदातल्या पेरॉक्सिडेजसाठी उणे ०.२५ च्या घरात. या चारही प्रथिनांतली चकती एकच. फरक खोबणीचा. शेजारी कोणते अमिनो आम्ल आहे, पाणी किती पोचते, विद्युतभार कुठे आहे, एवढ्यावर तोच लोह इलेक्ट्रॉनसाठी आसुसलेला असतो किंवा त्याला नको म्हणतो.

बाहेरची परिस्थितीही तितकीच महत्त्वाची. आम्लता वाढली, म्हणजे पीएच उतरला, की जाणाऱ्या ऑक्सिजनला प्रोटॉनची साथ मिळते आणि तो इलेक्ट्रॉन घेऊन पळण्याचा वेग वाढतो. तापमान वाढले तरी तेच. उलट पीएच ८ च्या वर गेला, की फेरिक लोहावरच्या पाण्याचा एक प्रोटॉन सुटून तिथे हायड्रॉक्साइड उरतो. रंग तपकिरीकडून लालसर होतो, पण तो हायड्रॉक्साइड फेरिक लोहाला घट्ट धरून बसतो आणि क्षपणाचा कल कमी होतो. सायनाइड तर त्याहून घट्ट धरतो.

ऑक्सिजनची गंमत आणखी निराळी. जास्त ऑक्सिजन म्हणजे जास्त गंज, असा आपला सरळ हिशेब असतो. मटणाच्या दुकानात तो चुकतो. ताजा तुकडा कापला की आत जांभळट दिसतो. हवा लागली की वरून लाल होतो. काही तासांनी त्याच तुकड्याचा आडवा काप घेतला, तर वरच्या लाल थराच्या आणि आतल्या जांभळ्या गाभ्याच्या मध्ये एक तपकिरी रेघ दिसते. ऑक्सिजन भरपूर आहे तिथे मायोग्लोबिन टिकते, अजिबात नाही तिथेही टिकते; जिथे अर्धवट आहे, तिथे लोह सर्वांत लवकर फेरिक होतो. ही रेघ म्हणजे मायोग्लोबिनचे मेटमायोग्लोबिन झालेले, माझ्या रक्ताच्या थेंबाचे भावंड.

उतार आहे, कालवा हवा

दुरुस्ती कोण करते? मूळ इलेक्ट्रॉन साखरेतून येतो. तांबडी पेशी ग्लुकोज फोडते, तेव्हा त्यातले इलेक्ट्रॉन एनएडीएच नावाच्या रेणूवर चढतात. एनएडीएचचा आकडा उणे ०.३२ व्होल्ट, हिमोग्लोबिनचा अधिक ०.१४. म्हणजे उतार चांगला तीव्र. तरीही शुद्ध मेटहिमोग्लोबिनमध्ये नुसते एनएडीएच घातले, तर तासन्‌तास फारसे काही घडत नाही. खडकवासल्याचे पाणी उंचावर आहे म्हणून ते आपोआप इंदापूरच्या शेतात पोचत नाही, कालवा लागतो. रसायनशास्त्रात कल आणि वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझे विद्यार्थी नेमके इथेच गुण घालवत.

हा कालवा म्हणजे सायटोक्रोम बी-५ रिडक्टेज हे विकर. ते एनएडीएचकडून इलेक्ट्रॉन घेते, सायटोक्रोम बी-५ ला देते, आणि बी-५ तो मेटहिमोग्लोबिनच्या लोहापर्यंत नेऊन पोचवते. बी-५ च्या अंगावर ऋणभार, हिमोग्लोबिनच्या हीमलगतच्या कडेवर धनभार. त्या ओढीने दोघे योग्य बाजूने एकमेकांना टेकतात. प्रयोगशाळेत द्रावणातले मीठ वाढवले की ही ओढ झाकली जाते आणि क्षपण मंदावते. रोजच्या दुरुस्तीचा सुमारे ९५ टक्के भार हा एकच मार्ग वाहतो. बाकीचे थोडे काम क जीवनसत्त्व आणि ग्लुटाथायोन सावकाश करत राहतात.

हा मार्ग क्वेंटिन गिब्सन यांनी १९४८ साली उत्तर आयर्लंडमध्ये उलगडला, त्यामागची हकिगत वाचण्यासारखी आहे. तिथल्या जेम्स डीनी या डॉक्टरांकडे जन्मापासून निळे असलेले दोन भाऊ होते. क जीवनसत्त्व दिल्यावर निळेपणा ओसरला, आणि हे त्यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केले. हृदय निरोगी होते. पेशीतला कालवाच जन्मतः कोरडा होता. अमेरिकेत केंटकीच्या डोंगराळ भागातल्या फ्युगेट घराण्यात हाच दोष पिढ्यान्‌पिढ्या चालत आला.

ही आपल्यापासून दूरची गोष्ट नाही. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय रक्तप्रतिकारशास्त्र संस्था आहे. १९५७ मध्ये ती रक्तगटांचे संदर्भ केंद्र म्हणून सुरू झाली. तिथल्या संशोधकांनी भारतीय कुटुंबांमध्ये याच विकराच्या जनुकातले बिघाड शोधून नोंदवले आहेत. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आले, तरच मूल निळे होते. म्हणून नात्यात लग्ने होतात तिथे धोका वाढतो. एका प्रकारात दोष फक्त तांबड्या पेशींत असतो. मूल निळसर दिसते, पण वाढते, शिकते. दुसऱ्या प्रकारात हे विकर शरीरातल्या सगळ्याच पेशींत नसते. तेव्हा मेंदूची वाढ खुंटते, आणि रक्ताचा रंग सुधारला तरी ते दुःख सुधारत नाही. निळे मूल म्हणजे हृदयाला भोक, हे समीकरण आपल्या मनात पक्के आहे. बहुतेकदा ते खरेही असते. पण हृदय निर्दोष निघाल्यावरही त्याच वाटेने मुलाला फिरवत राहणे, ही त्या कुटुंबांची फरपट असते.

गोळी, विहीर आणि निळा रंग

माझे प्रकरण जन्मजात नव्हते. डॅप्सोन स्वतः फारसे काही करत नाही. यकृत त्याचे हायड्रॉक्सिलअमाइन बनवते. ते तांबड्या पेशीत शिरून ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिनचा लोह फेरिक करते. गंमत अशी, की नंतर पेशीतले ग्लुटाथायोन त्या औषधाचेच क्षपण करून त्याला पुन्हा कामाला जुंपते. एकेक रेणू अनेकदा घाव घालतो. शिवाय रक्तातले डॅप्सोन निम्मे व्हायला सुमारे तीस तास लागतात.

म्हणून डॅप्सोनला खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. १९४० च्या दशकात चिंगलपुट येथे रॉबर्ट कॉक्रेन यांनी ते कुष्ठरोग्यांना देऊन पाहिले, आणि ज्या रोगावर तेलाच्या वेदनादायी इंजेक्शनांपलीकडे फारसा इलाज नव्हता, त्यावर स्वस्त गोळी मिळाली. वर्ध्याला १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने गावोगाव पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार ही जी पद्धत घालून दिली, तिचा कणा हीच गोळी होती. पुढे रोगजंतू तिला दाद देईनासे झाले, तेव्हा १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आला. त्यातही डॅप्सोन राहिले. महाराष्ट्रातल्या असंख्य माणसांना ज्या गोळीने हातापायांची बोटे राखून दिली, तिने माझी नखे काळसर केली, एवढेच.

विहिरीच्या पाण्यातले नायट्रेट हे दुसरे कारण. आयोवातल्या हंटर कॉमली यांनी १९४५ मध्ये शेतातल्या विहिरींचे पाणी आणि निळी पडणारी तान्ही बाळे यांचा संबंध दाखवला. नायट्रेट थेट हिमोग्लोबिनला काही करत नाही. जिवाणूंनी त्याचे नायट्राइट केले, की मग करते. बाळाच्या पोटात आम्ल कमी, म्हणून तिथे असे जिवाणू तग धरतात. शिवाय दुरुस्तीचे विकर मोठ्या माणसाच्या साधारण निम्मेच. तेच पाणी आई पिते आणि तिला काही होत नाही. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. खताच्या शेतालगतच्या विहिरीचे पाणी उकळून हा धोका टळत नाही. पाणी आटते, नायट्रेट तितकेच राहते.

तीव्र प्रकरणात जे औषध देतात, ते मेथिलीन ब्लू, म्हणजे १८७६ मध्ये कापड रंगवण्यासाठी बनवलेला रंग. निळ्या माणसाला निळा रंग टोचून लाल करायचे, हे ऐकायला विचित्र वाटते. वर्गात मी एक प्रयोग दरवर्षी दाखवत असे: चंबूत ग्लुकोज, सोडियम हायड्रॉक्साइड आणि चिमूटभर मेथिलीन ब्लू. चंबू स्थिर ठेवला की ग्लुकोज रंगाचे क्षपण करते आणि द्रावण पांढरे पडते. हलवला की हवेतला ऑक्सिजन त्याला पुन्हा निळे करतो. नसेत हेच होते. पेशीत एरवी जवळजवळ निजलेला एक दुसरा मार्ग आहे. तो एनएडीपीएचवर चालतो, पण त्याला इलेक्ट्रॉन उचलून नेणारा हमाल लागतो. मेथिलीन ब्लू तो हमाल होतो: इलेक्ट्रॉन घेऊन रंगहीन होतो आणि लोहाला देऊन पुन्हा निळा.

हे एनएडीपीएच जी-सिक्स-पीडी या विकराच्या कृपेने तयार होते. ज्यांच्यात ते विकर जन्मतः अपुरे असते, त्यांच्या पेशीत हमाल रिकाम्या हाताने परततो. मग मेटहिमोग्लोबिन तर कमी होत नाहीच, उलट तांबड्या पेशी फुटू लागतात. मुंबईतल्या पारशी समाजात हा दोष जास्त आढळतो. इतरही अनेक समाजांत कमीअधिक आहे. मात्रा प्रमाणाबाहेर गेली, तर निरोगी माणसातही मेथिलीन ब्लू उलटा वागतो आणि लोहाचा इलेक्ट्रॉन हिरावून घेतो. औषध एकच, ते तारेल की मारेल, हे पेशीतली परिस्थिती ठरवते. म्हणूनच डॅप्सोन सुरू करण्याआधी आणि मेथिलीन ब्लू देण्याआधी या विकराची चौकशी व्हायला हवी, आणि ‘पूर्वी कधी गोळीने कावीळ किंवा लाल-काळी लघवी झाली होती का’ या प्रश्नाचे उत्तर रुग्णाने आठवून द्यायला हवे.

आकडे का फसले

दोन कोडी उरतात. पहिले ऑक्सिमीटरचे. ते बोटातून ६६० आणि ९४० नॅनोमीटरचा, म्हणजे लाल आणि अवरक्त प्रकाश पाठवते आणि दोन्हींच्या शोषणाचे गुणोत्तर काढते. मेटहिमोग्लोबिन दोन्ही प्रकाश जवळपास सारखेच शोषते. त्याचे प्रमाण वाढेल तसे गुणोत्तर एककडे सरकते, आणि यंत्राच्या कोष्टकात एकचा अर्थ आहे ८५ टक्के. म्हणून खरी स्थिती कितीही बिघडली, तरी आकडा ८५ च्या आसपास येऊन अडून बसतो. ऑक्सिजन देऊनही तो हलत नसेल, तर ती खूण ओळखावी.

दुसरे कोडे माझ्या १३.४ हिमोग्लोबिनचे. प्रयोगशाळांमध्ये वर्षानुवर्षे चालत आलेल्या ड्रॅबकिन पद्धतीत फेरीसायनाइड घालून आधी सगळेच हिमोग्लोबिन मेट करतात, मग त्यावर सायनाइड बसवून रंग मोजतात. इथेही परिस्थितीचा खेळ आहेच: मूळच्या क्षारधर्मी द्रावणाला पंधराएक मिनिटे लागत, पीएच ७.२ च्या आसपास आणल्यावर तीन मिनिटांत काम होऊ लागले. पण जी पद्धत मुळातच सगळ्याला मेट करून मोजते, तिला आधीपासून मेट असलेले वेगळे कसे दिसणार? अहवाल खरा होता. मी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते.

माझी गोळी बंद केली, क जीवनसत्त्व दिले, रक्तावर लक्ष ठेवले. १७ टक्क्यांना आणि माझ्या बऱ्या अवस्थेला मेथिलीन ब्लूची गरज नव्हती. आठवड्याभरात ऑक्सिमीटर ९७ दाखवू लागले.

त्यानंतर एका दुपारी मी बायकोच्या साखर तपासायच्या दोन नव्या सुया घेतल्या. तिच्या बोटाचा एक थेंब, माझ्या बोटाचा एक, शेजारी शेजारी पांढऱ्या टिपकागदावर. दोन्ही लाल, ओळखू येऊ नयेत इतके सारखे. कागद खिडकीत ठेवून दिला. संध्याकाळी महामार्गावरची वाहतूक तुंबून हॉर्न सुरू झाले, तेव्हा त्याची आठवण झाली. दोन्ही थेंब तपकिरी झाले होते. पेशी फुटल्या, साखर संपली, विकरे थांबली. लोहाला इलेक्ट्रॉन परत आणून देणारे तिथे कुणी उरले नव्हते. बायको म्हणाली, "आता ते कागद फेका, आणि हात धुवून या."